ऑपरेशन यशस्वी, केबल तुटली

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे रिलीज होता, त्यामुळे सलग तीन वीकेंड ऑफिसच्या पायाशी वाहिले. आज शनिवार. रूमवरचे दोघंही गावाला गेलेत, मशीनमध्ये कपडे फिरतायत, आणि आठवडाभर डोक्यात जे फिरतंय ते आता उतरवून काढतो. जरा चिडून लिहिलंय, आधीच सांगतो.

झालं असं की, बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'बहिरेपणावर कायमचा इलाज! शास्त्रज्ञांनी कानातल्या पेशी पुन्हा उगवल्या!' खाली टाळ्या, नमस्कार, रॉकेट वगैरे. माझ्या पुतणीला कॉक्लिअर इम्प्लांट आहे हे टीममध्ये दोघा-तिघांना माहीत आहे. त्यातला एक भला माणूस (खरंच भला आहे, अडीनडीला धावून येतो) माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अरे, घाई केली रे तुम्ही. थांबायचं ना दोन-तीन वर्षं. उगाच लहान पोरीच्या डोक्यात मशीन बसवलं."

मी "हो ना" म्हणून डबा बंद केला. तिथे बोललो नाही ते इथे बोलतोय.

आधी त्या पेशींबद्दल, कारण फॉरवर्ड अगदीच खोटा नसतो, हीच त्याची गोम असते. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी असते, कॉक्लिया. तिच्यात एका कानामागे साधारण साडेपंधरा हजार केसपेशी असतात. आतल्या ओळीत सुमारे ३५००, बाहेरच्या ओळींत सुमारे १२,०००. त्यांच्या डोक्यावर बारीक केसांचे झुबके असतात. आवाजाने आतला द्रव हलला की हे केस वाकतात आणि त्यातून विजेचा संदेश तयार होऊन मेंदूकडे जातो. सगळ्या पेशी जन्माआधीच तयार होतात. मेली की मेली, नवी येत नाही. डीजेच्या भिंतीसमोर नाचून मरतात, जेंटामायसिनसारख्या इंजेक्शनांनी मरतात, वयाने मरतात. आणि आपण सगळे कानात इअरफोन खुपसून दिवसाचे आठ तास कॉलवर असतो, त्याने काय होत असेल तो हिशोब ज्याचा त्याने करावा.

गंमत म्हणजे कोंबडीला हा प्रॉब्लेम नाही. १९८८ साली 'सायन्स' या नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. मोठ्या आवाजाने पक्ष्यांच्या केसपेशी मेल्या तरी त्या पुन्हा उगवतात, असं त्यात दाखवलं होतं. शेजारच्या आधारपेशीच बदलून केसपेशी होतात. तेव्हापासून जगभरात एकच ध्यास, कोंबडीला जमतं ते माणसाला का जमू नये? २०१३ मध्ये हार्वर्डच्या अल्बर्ट एज यांच्या गटाने बहिऱ्या केलेल्या उंदरांच्या कानात औषध सोडून थोड्या केसपेशी पुन्हा आणल्या, थोडं ऐकूही आलं. ते औषध पेशींमधला 'नॉच' नावाचा सिग्नल दाबतं. सिग्नल दाबला की आधारपेशीला वाटतं, चला, आपणही केसपेशी व्हावं. मग कंपन्या उतरल्या. अमेरिकेतल्या फ्रीक्वेन्सी थेरप्युटिक्सच्या एफएक्स-३२२ या औषधाचा केवढा गाजावाजा झाला होता! फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल आला. औषध घेतलेले आणि नुसतं पाणी टोचलेले, दोघांत फरक दिसला नाही. प्रोजेक्ट गुंडाळला.

आता ज्या बातमीवर फॉरवर्ड उभा होता ती. ती खरी आहे आणि खरंच थोर आहे. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधला अभ्यास जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जन्मतः बहिरी सहा मुलं, एका कानात जनुक सोडलं, त्यातल्या पाच जणांना ऐकू यायला लागलं. ओटोफर्लिन नावाचं प्रथिन बनवणारं ते जनुक. ते इतकं मोठं की वाहक विषाणूत मावेना, म्हणून दोन तुकडे करून दोन विषाणूंत भरलं आणि पेशीत गेल्यावर जुळवलं. पेनड्राइव्हवर न मावणारी फाइल आपण दोन झिपमध्ये करायचो, तसंच :-) मी तर वाचून अर्धा तास खूश होतो. पण नीट बघा. त्या मुलांच्या केसपेशी मेलेल्याच नव्हत्या. त्या जागेवर होत्या, फक्त पुढे निरोप देत नव्हत्या. तिथे काहीही 'उगवलेलं' नाही. आणि हा दोष जन्मजात बहिरेपणाच्या थोड्याच मुलांत असतो. आपल्याकडे जास्त सापडतो तो जीजेबी२ या जनुकातला दोष, आणि तो तर केसपेशीतला नसून बाजूच्या आधारपेशींतला. मामाच्या, आत्याच्या घरात सोयरीक करायची आमच्याकडे जी हौस आहे, तिने असे दोष दोन्हीकडून एकत्र येतात. हे गावात बोललं की लोक उठून जातात, असो.

म्हणजे 'दोन-तीन वर्षं थांबा' याला आधार काय? काही नाही. आणि थांबायची किंमत मात्र पक्की माहीत आहे. अनु शर्मा या शास्त्रज्ञ बाईंनी इम्प्लांट केलेल्या मुलांच्या मेंदूचे संदेश मोजले. साधारण साडेतीन वर्षांच्या आत आवाज पोचला तर मेंदूचा ऐकण्याचा भाग वयाप्रमाणे वाढतो. सातच्या पुढे गेलं तर बहुतेकांचा वाढत नाही. मेंदू रिकामी जागा ठेवत नाही, डोळ्याला देऊन टाकतो. पुढे २०४० मध्ये केसपेशी किलोने मिळाल्या तरी, ज्या मेंदूने लहानपणी एक शब्द ऐकला नाही त्याला त्यांचा कितीसा उपयोग? माझा भला मित्र म्हणेल, मशीन बसवलेल्या कानात पुढे हे उपचार चालणार नाहीत, मग? अरे, दुसरा कान आहे ना. सरकारी खर्चाने तसंही एकाच कानात बसवतात, दुसरा आपोआप भविष्यासाठी राखीव!

इथपर्यंत मी विज्ञानाच्या बाजूने बोललो. आता ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते.

आमचं गाव केज तालुक्यात, बीड जिल्हा. आजोबांनी ऊस तोडला, काकांनी तोडला, माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी आजही तोडतात. माझे वडील शाळेत शिपाई म्हणून लागले एवढ्याच फरकावर मी हिंजवडीत एसीत बसून हे टाइप करतोय. दसरा झाला की मुकादम उचल देतो, कोयता ठरतो (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, माणसं मोजायचं हे आमच्याकडचं एकक), आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, पलीकडे कर्नाटक. पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत.

पुतणी जन्मली ती फडावरच, बेळगावकडे. नवजात बाळाच्या कानाची तपासणी काही मिनिटांची असते. कानात छोटी प्रोब ठेवायची, बारीक आवाज सोडायचा, आणि बाहेरच्या केसपेशी जिवंत असतील तर कानातूनच उलट प्रतिध्वनी येतो तो पकडायचा. हा प्रतिध्वनी डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली शोधला. बाळ झोपलेलं असलं तर उत्तमच. पोरीची ही तपासणी झाली नाही, कोण करणार? जगभरातला दंडक असा की महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आमच्याकडे अडीच वर्षांची होईपर्यंत आजी म्हणत होती, "बोलंल की, तिचा बापबी उशिराच बोलला." आणि एका डॉक्टरनेही तेच सांगितलं, फक्त शुद्ध मराठीत.

एक ढोबळ हिशोब करू. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. जन्मदर हजारी पंधरा धरला तर वर्षाला जवळपास ३९ हजार बाळं. हजारात एक-दोन बाळं कायमची कमी ऐकणारी असतात, म्हणजे एकट्या बीडमध्ये दरवर्षी चाळीस ते ऐंशी. सगळ्यांना इम्प्लांट लागत नाही, काहींचं श्रवणयंत्रावर भागतं. पण सापडायला तर सगळी हवीत! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच पालघरमधून ६ फेब्रुवारी २०१३ ला सुरू झाला. त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे, पथकं अंगणवाडीत जातात, हे सगळं चांगलंच आहे. पण पथक अंगणवाडीत येतं तेव्हा पोर फडावर पाचटाच्या कोपीत असतं, तेही दुसऱ्या राज्यात. रजिस्टरात 'गैरहजर'. स्थलांतर हा आमच्या जिल्ह्याचा नियम आहे, आणि योजना त्याला अपवाद समजून आखल्यात.

तरी आमचं नशीब. एका तरुण डॉक्टरीण बाईंनी अंबाजोगाईला पाठवलं. तिथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासूनचं, ग्रामीण भागासाठी म्हणून काढलेलं. आमच्याकडच्या गरिबाला तेवढाच आधार. तिथून पुढे कागद, दाखले, शिक्के, पुन्हा कागद. पोरगी तीन वर्षं दहा महिन्यांची असताना मोठ्या शहरात मोफत ऑपरेशन झालं. मोफत. हे मी विसरणार नाही. ज्या यंत्राची किंमत दादाने आयुष्यात एकत्र पाहिली नसती ते सरकारने दिलं. २०१४ मध्ये केंद्राने ॲडिप योजना सुधारली तेव्हा वर्षाला ५०० मुलं आणि एका मुलामागे ६ लाखांपर्यंत खर्च, अशी तरतूद केली होती. देशाच्या मानाने ५०० म्हणजे काहीच नाही, पण शून्यापेक्षा बरं.

यंत्र कसं चालतं हे वाचल्यावर माझ्यातला इंजिनियर वेडा झाला होता. कानामागे मायक्रोफोन आणि प्रोसेसर. तो आवाजाचे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचे पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्याचा चढउतार काढतो, आणि केबलमधून डोक्याला चुंबकाने चिकटलेल्या कॉइलला देतो. कॉइल कातडीतून रेडिओ लहरींनी आतल्या भागाला देते. तिथून कॉक्लियात सरकवलेल्या तारेवरचे बारा ते बावीस इलेक्ट्रोड थेट नसेला टिचक्या मारतात. साडेपंधरा हजार केसपेशींचं काम बावीस ठिपक्यांवर! पहिले प्रयोग पॅरिसचे १९५७ चे. मग १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅमी क्लार्क यांनी बहु-इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं. त्यांचे वडीलच कमी ऐकायचे. आणि १९९१ मध्ये ब्लेक विल्सन यांनी सगळे इलेक्ट्रोड एकदम न पेटवता आळीपाळीने पेटवायची युक्ती काढली, तेव्हा बोलणं खरं समजायला लागलं. शेवटी शेड्युलिंगचा प्रश्न होता म्हणा ना!

आता या वर्णनातला एक शब्द पुन्हा वाचा. केबल.

जानेवारीत, फडावर, ती केबल तुटली. पोरं खेळताना ओढाताण झाली, किंवा नुसतीच घासून गेली, कोणाला माहीत नाही. केबल वॉरंटीत येत नाही, ती 'ॲक्सेसरी'. किंमत साडेसात हजार. दुसऱ्या कंपनीची चालत नाही, चालायला ती काय चार्जरची पिन आहे? दादाने मुकादमाला पैसे मागितले. मुकादम म्हणाला, आधीची उचल फिटू दे. मला फोन करायला दादा लाजला. मला हे एप्रिलमध्ये कळलं, गावी गेलो तेव्हा. प्रोसेसर स्टीलच्या डब्यात, डबा फडताळात, लोणच्याच्या बरणीशेजारी. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मशीन जपून ठिवलंय हो, कुणाला हात लावू दिला न्हाई."

तीन महिने. दीड वर्षात जे पन्नास-साठ शब्द कमावले होते, त्यातले निम्मे गेले.

केबल घेऊन परत मॅपिंगला गेलो तिथे एका साहेबांनी वहिनींना सुनावलं, "सरकार लाखो रुपये खर्च करतं आणि तुम्हा लोकांना एक वायर सांभाळता येत नाही!" वहिनी खाली मान घालून उभ्या. मी मधे बोललो तर मलाच इंग्रजीत समजावायला लागले. माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे.

आपल्या धंद्यात एखाद्याने क्लायंटला सिस्टिम बसवून दिली, फोटो काढले, आणि सांगितलं की सपोर्ट नाही, सर्व्हर बंद पडला तर तुम्ही निष्काळजी, तर क्लायंट चपलेने मारेल. गो-लाइव्ह हा प्रोजेक्टचा सगळ्यात स्वस्त दिवस असतो, हे फ्रेशरलाही कळतं. इम्प्लांटचं ऑपरेशन हे गो-लाइव्ह आहे. ते झाल्यावर काही आठवड्यांनी मशीन चालू होतं, आणि त्या दिवशी पोराला ऐकू येतं ते बोलणं नसतंच, नुसती खरखर. पुढे महिनोन्‌महिने मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती करंट दिला की जेमतेम ऐकू येतं आणि किती दिला की त्रास होतो, ते पोराच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचं. पुढे वर्षानुवर्षं थेरपी. केबल, कॉइल, बॅटरी, आणि काही वर्षांनी अख्खा प्रोसेसर बदलायचा. आतला भाग जन्मभर टिकेल अशा बेताने बनवतात, बाहेरचा नाही. मग यशाची मोजणी 'इतकी ऑपरेशनं झाली' अशी का? हार-तुरे घातलेल्या फोटोतल्या पोरांपैकी आज किती जणांचं मशीन चालू आहे, हा आकडा ज्या दिवशी मागितला जाईल त्या दिवशी पळापळ होईल. आणि तो काढणं अवघड नाही हो. आजचे प्रोसेसर स्वतःच नोंद ठेवतात की दिवसाला किती तास वापर झाला. मॅपिंगला जोडलं की स्क्रीनवर येतं. आमच्या पोरीच्या स्क्रीनवर तीन महिने शून्य होतं.

तुम्ही म्हणाल, पैसा कुठून आणायचा? सहा लाखांच्या यंत्राला साडेसात हजारांच्या केबलवाचून डब्यात ठेवणं ही कुठली काटकसर? केरळमध्ये 'श्रुतितरंगम' योजनेतली जुनी यंत्रं बंद पडायला लागली, २०२३ मध्ये पालकांनी आरडाओरडा केला, आणि दुरुस्ती-बदली सरकारला अंगावर घ्यावी लागली. तिथले आईबाप संघटित होते. आमचे सहा महिने गावात नसतात, हाच फरक. खरेदीच्या करारातच दहा वर्षांच्या सुट्या भागांची अट घाला. हजारोंनी यंत्रं घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ती अट घालता येत नसेल तर ते गिऱ्हाईक कसलं? आणि मॅपिंग दूरवरूनही होतं. अंबाजोगाईत एक खोली, एक लॅपटॉप, एक शिकलेला ऑडिओलॉजिस्ट, बास. केजहून पुण्याला रात्रीच्या एसटीने जाऊन-येऊन आईबापांचे दोन दिवस बुडतात, आणि सीझनमध्ये गेलं तर मुकादम खाडा लावतो, म्हणजे कमाई नाहीच, उलट कापून घेतो.

अजून एक, आणि यावर शिव्या पडतील. थेरपीत सांगतात, पोरीशी हातवारे करू नका, नाहीतर ती बोलणार नाही. त्यामागचा हेतू मला कळतो. पण फडावर ते तीन महिने मशीन बंद, आणि खुणाही बंद! वहिनींनी मॅडमचं ऐकून हात बांधून ठेवले होते. पोर रडायची, भूक की पोटदुखी, काही सांगता येईना. ज्या मुलाचं मशीन बंद पडणार नाही याची हमी तुम्ही देऊ शकत नाही, त्याच्या हातातली भाषा काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? भारतीय सांकेतिक भाषेचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीत २०१५ पासून आहे. बीडच्या किती अंगणवाडी ताईंना त्यातले वीस शब्द शिकवले? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, मीही स्टेटस ठेवलं होतं. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईलाच आहे. त्या गावापासून तासाभराच्या अंतरावर पाच वर्षांची पोरगी कुठल्याच भाषेशिवाय बसली होती.

म्हणून फॉरवर्ड करणाऱ्यांवर माझा राग आहे. शांघायवर नाही. केसपेशींवर काम करणाऱ्यांना माझा दंडवत, त्यांनी अजून शंभर उंदीर ऐकते करावेत. पण 'इलाज येतोय' म्हणून टाळ्या वाजवताना, जो इलाज १९७८ पासून हातात आहे तो आमच्या फडताळात का पडून राहतो, हे विचारायचं आपण सोयीस्कर विसरतो. आणि उद्या जनुकाचं इंजेक्शन खरंच आलं तरी ते बाळ आधी सापडावं लागेल, वेळेत पोचावं लागेल, नंतर बोलायला शिकवावं लागेल. तीच अंगणवाडी, तीच एसटी, तोच मुकादम.

यंदाची बातमी. दसऱ्याला मुकादम आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ह्या साली म्या जात न्हाई. पोरीची थेरपी हाय." घरात मोठं भांडण झालं. दादा एकटा जाणार, म्हणजे अर्धा कोयता आणि उचलही निम्मीच. बाकीचे निम्मे कुठून यायचे त्याचं अजून ठरायचंय, मी काही देईन, काही दादाच घेणार नाही. मी एक जादा केबल घेऊन डब्यात ठेवलीय.

काल व्हिडिओ कॉलवर पोरगी मला 'टाटा' म्हणाली. मला वाटलं फोन ठेवायचाय. वहिनी हसून म्हणाल्या, "काका म्हणतीया तुम्हाला, 'क' येत न्हाई अजून." मंगळवारी मॅपिंगची तारीख आहे. रजेचा अर्ज टाकलाय, कारणाच्या रकान्यात 'पर्सनल' लिहिलंय.